तुर्की भरतकामाचे टॉवेल, पेशकिर, बोहचा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

कोणी ना कोणी इस्तंबूलला फिरून येतं, बॅगेतून एक लांबट कापड काढतं, त्याच्या दोन्ही टोकांना फुलं भरलेली असतात आणि मग मला फोटो येतो, "ताई, हे काय आहे गं, टॉवेल की स्टोल?" मी काही वर्षं अंकाराला होते, शेजारच्या तेयझेकडून (तेयझे म्हणजे मावशी, तिकडे शेजारणीलाही तेच म्हणतात) थोडंफार शिकले, थोडं म्युझियमच्या काचेला नाक लावून शिकले. दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

हे नेमकं कशावर करायचे?

घरातल्या जवळजवळ प्रत्येक कापडावर. हात पुसायचे टॉवेल, जेवताना मांडीवर घ्यायचं कापड, उशांचे अभ्रे, रजईचं वरचं कापड, आरशावर टाकायचा पडदा, पगडीवर झाकायचं कापड, न्हाव्याकडे गळ्याला बांधायचं कापड, हमामला (म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात) जाताना न्यायचं बोचकं. जुन्या ऑटोमन घरात आपल्यासारखं फर्निचर फारसं नसायचंच, भिंतीला लागून बैठक, रात्री गाद्या घालायच्या सकाळी गुंडाळून कपाटात, जेवायला मोठं तबक मांडायचं आणि जेवण झालं की उचलायचं, म्हणजे खोलीत मिरवायला होतं काय तर कापड. सगळी हौस तिथेच.

पेशकिर, हाव्लू, चेव्रे, यालक, बोहचा... डोकं फिरलं. सोपं करून सांग.

पेशकिर म्हणजे लांबट आणि अरुंद कापड, काम फक्त दोन टोकांना, मधे कोरं. जेवायच्या आधी आणि नंतर तस्त-झारी फिरायची (झारीला इब्रिक म्हणतात), हात धुवायचे आणि पुसायला हे. तबकाभोवती बसलेल्यांच्या मांड्यांवरून एकच लांब कापड फिरवायचे असंही होतं. हाव्लू म्हणजे टॉवेल. चेव्रे चौकोनी, रुमालासारखं, चारही कोपऱ्यांना काम. यालक पण रुमालच, हाता-तोंडाला. उचकुर म्हणजे चक्क नाडी, पण ही नाडी वीतभर रुंद कापडाची, मधला भाग नेफ्यात जाणार म्हणून तो साधा आणि बाहेर लोंबणाऱ्या दोन टोकांवर इतकं काम की बघत राहावं. लोक फोटो पाठवून स्टोल म्हणतात त्यातले काही उचकुर असतात, मी हसत नाही पण सांगते की गळ्यात घालायच्या आधी हे वाच.

आणि बोहचा. चौकोनी कापड, चार कोपरे आत दुमडून त्यात कपडे, भेटवस्तू, हमामचं सामान बांधायचं. आपल्या बोचक्याचं सख्खं भावंड वाटतं कानाला, आणि कामही तेच, फक्त आपण बोचकं म्हटलं की धोब्याची जुनी चादर आठवते आणि तिकडे रेशमाने भरलेला चौकोन. असे शब्द पुढे खूप येणार आहेत, हिशेब, संदूक, कलाबतू, तुर्कस्तानात गेल्यावर पहिला आठवडा मी नुसती दचकत होते.

एवढं नाजूक काम आणि त्याला हात पुसायचे? जीव होतो का?

माझा नाही होत. आणि मी एकटी नाही. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू, इंग्लंडच्या राजदूताची बायको, १७१८ च्या मार्चमध्ये इस्तंबूलहून बहिणीला पत्र लिहिते की सुलतानाच्या विधवेकडे जेवायला गेले होते, तिथले रेशमी सोनेरी कामाचे नॅपकिन इतके सुंदर की वापरायला फार जिवावर आलं, आणि जेवण संपेपर्यंत ते पार खराब झाले. तीनशे वर्षांपूर्वीची बाई, पण अगदी आपल्यासारखीच, यजमानीण पुढे करतेय आणि हिच्या हातात तेलकट बोटं.

पण मुद्दा तोच आहे की ते वापरायलाच होतं. आमच्या तेयझेकडे पाहुणे आले की ती सांदिक उघडायची (सांदिक म्हणजे संदूक, तीच ती लाकडी पेटी), आईच्या हातचा टॉवेल काढून हात धुणाऱ्याच्या खांद्याशी धरून उभी राहायची. मी म्हटलं अहो डाग पडेल, तर म्हणाली पडू दे, पेटीत ठेवून माझी आई काय परत येणारे का.

दोन्ही बाजू सेम असतात म्हणे, खरंय का?

चांगल्या कामात खरं आहे आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. भिंतीवर लावायची फ्रेम असेल तर मागे कितीही गुंता चालतो, कोण बघणार? पण टॉवेल हातात घेतला की उलटतो, खांद्यावर टाकला की मागची बाजू समोर येते. म्हणून अशा कापडावर जो टाका वापरायचे तो दोन्हीकडून सारखा, आणि गाठ कुठेच नाही.

या प्रकाराला हेसाप इशी म्हणतात. हेसाप म्हणजे आपला हिशेब, इशी म्हणजे काम. हिशेबाचं काम! कापडावर पेन्सिलीने काही काढायचं नाही, कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्याप्रमाणे टाका. चार धाग्यांवरून, चार धाग्यांखालून असं जायचं, वळायचं आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या, की झाली एक ओळ आणि ती मागून पुढून एकच. पाकळी भरायची तर अशाच ओळी शेजारी शेजारी, दर ओळ धागा-दोन धागे सरकवून, त्यामुळे कडेला बारीक पायऱ्या दिसतात. फोटो झूम करा, फुलाची कड गोल नसते, जिन्यासारखी असते. एक धागा मोजायला चुकलात की दहा ओळींनंतर पाकळी वाकडी जाते आणि तेव्हा कळतं, मग उसवत बसा. हे मी अनुभवाने सांगतेय, एका कार्नेशनवर माझे दोन रविवार गेले.

टाक्यांची नावं तर काय सांगू. बालिकसिर्ती म्हणजे माशाची पाठ. जिवानकाशी म्हणजे जवान पोराची भुवई, नागमोडी जाणारा टाका. मुशाबाक म्हणजे जाळी, हा टाका कापडाचे धागे ओढून घेतो त्यामुळे बारीक भोकं पडतात आणि रंग जाळीवर तरंगल्यासारखा वाटतो. पेसेंत नावाचाही एक टाका आहे, ऐकायला आपलं 'पसंत'.

मग हे आपल्या कसुतीसारखंच झालं की!

धारवाडची कसुती, जी आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूर भागातही इरकली साड्यांवर दिसते, तिच्यातला गावंती टाका म्हणजे दोन्हीकडून सारखा, गाठ न मारता, धागे मोजून. हेसाप इशीत पण पाया तोच. ज्यांना गावंती येतो त्यांना हे अर्ध्या तासात कळतं. फरक असा की कसुतीत बहुतेक रेघांचं काम, गोपुरं, हत्ती, तुळशीवृंदावन, आणि तुर्की कामात रेघेच्या आत रंग भरायचा असतो, शेवाळी हिरवा, फिकट गुलाबी, मधे सोनेरी तारेचा ठिपका. कोणाचं कोणाकडून आलं हा वाद माझ्याकडे आणू नका, धागे मोजून टाके घालणाऱ्या बायका जगभर होत्या.

डिझाइन्स कसली असतात? प्रत्येक वेळी ट्यूलिपच का?

ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब, ही चौकडी. सोळाव्या शतकात, सुलतान सुलेमानच्या दरबारात कारा मेमी नावाचा चित्रकार होता, त्याने बागेतली खरी ओळखू येणारी फुलं दरबारी चित्रांमध्ये आणली आणि मग तीच फुलं इझनिकच्या टाइल्सवर, भरजरी कापडांवर, आणि तिथून घरच्या भरतकामावर. डाळिंबं, सुरूची झाडं, आर्टिचोकसारखी मोठी फळं पण असतात.

पण मला स्वतःला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले टॉवेल जास्त आवडतात, तेव्हा बायकांनी अक्षरशः जे दिसेल ते भरलंय. पाण्याकाठची घरं, मशीद, तंबू, होडी, इब्रिक, आणि कापलेलं कलिंगड त्यात सुरी खुपसलेली! टॉवेलच्या टोकाला वीतभर जागेत असं अख्खं गाव आणि त्याच्यावर परत झाडापेक्षा मोठं फूल. प्रमाणबिमाण सोडून द्या.

रजईच्या कापडावर मधे डिझाइन जुळत नाहीये, डिफेक्ट पीस आहे का?

नाही नाही, फेकू नका! हातमागाचा पन्हा अरुंद असायचा, साधारण हातभर, म्हणून मोठं कापड हवं तर दोन-तीन-चार पट्टे जोडावे लागायचे. हे मोजून करायचं हेसाप इशी नव्हे, त्यामुळे इथे आधी पट्टे कच्चे जोडून त्यांच्यावर डिझाइन काढायचं, मग पट्टे सुटे करून भरायचे (अरुंद पट्टा मांडीवर नाहीतर गेर्गेफवर सोपा पडतो, गेर्गेफ म्हणजे चौकोनी लाकडी चौकट), आणि शेवटी जोडायचे. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, मग जोडावर अर्धं फूल बोटभर वर सरकणारच. कधी एकाच डिझाइनमध्ये दोन पट्ट्यांच्या लाल रंगात फरक दिसतो. मला तर तो जोड बघायला आवडतो, घरात किती हात होते ते कळतं.

सोनेरी तार खरी असते का? टोचत नाही?

दोन-तीन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक सगळ्यालाच जरी म्हणतात.

एक क्लाप्तान, म्हणजे रेशमी किंवा सुती दोऱ्यावर चांदीची नाहीतर सोन्याचं पाणी दिलेली पातळ पट्टी गुंडाळलेली. हा आपला कलाबतू, शब्दसुद्धा तोच. पेशकिरच्या फुलांमध्ये हा असतो, मऊ असतो.

दुसरं तेल किर्मा. काळ्या समुद्राच्या बाजूला बार्तिन आहे, तिथलं हे फेमस काम. तेल म्हणजे तार, किर्मा म्हणजे तोडणं, खायच्या तेलाशी संबंध नाही! चपटी बारीक पट्टी, आपल्याकडे बादला किंवा मुकैश म्हणतात तशी, चपट्या सुईत ओवायची, जाळीदार कापडातून काढायची, नखाने दाबून बसवायची आणि कात्री न लावता तिथल्या तिथे बोटांनी मागे-पुढे वाकवून तोडायची. बारीक कट्‌ आवाज येतो. बायका गप्पा मारत काम करतात आणि मधून मधून तो कट्‌ कट्‌, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा.

तिसरं माराश इशी, याला दिवाल इशी पण म्हणतात, कहरामानमाराश शहराचं. हे मखमलीवर. पुठ्ठ्याचं डिझाइन कापून चिकटवायचं, वरून सोनेरी दोरा इकडून तिकडे न्यायचा आणि खालून दुसऱ्या, मेण लावलेल्या दोऱ्याने तो अडकवायचा. म्हणजे सोनेरी दोरा कापडाच्या खाली जातच नाही, सोनं महाग, मागे कशाला घालवायचं! याची उलटी बाजू अर्थातच वेगळी दिसते, आणि ते बरोबरच आहे, कारण हे बोहचा, उशा, लग्नाचे झगे यांच्यासाठी, आतून अस्तर लागतं. हे टोचतं, हो. पण याच्यावर गाल टेकवून कोणी झोपत नाही.

पांढऱ्यावर पांढरं जाळीकाम आहे माझ्याकडे, ते पण तुर्की का?

बहुतेक अंतेप इशी. गाझिअंतेप, तेच बकलावावालं शहर. कापडातले काही धागे मोजून कापायचे, ओढून काढायचे आणि उरलेले धागे दोऱ्याने गुंडाळून जाळी बांधायची. यातल्या एका जाळीचं नाव जिएरदेल्दी, शब्दशः 'काळीज भोसकलं'. करून बघा, नाव कोणी ठेवलं असेल ते कळेल, चुकीचा धागा कापला गेला की खरंच तसंच होतं.

हे सगळं राजवाड्यात व्हायचं की घरी?

दोन्हीकडे. दरबारासाठी पगारी कारागीर होते, बाजारात पुरुषसुद्धा हे काम धंदा म्हणून करायचे, विशेषतः चामडं, तंबू, जाड सोनेरी कामं. आणि घरोघरी बायका. म्युझियममध्ये जे टॉवेल-पेशकिर आहेत त्यातले ढिगाने घरगुती आहेत, करणारीचं नाव कुठेच नाही. तुर्कस्तान प्रजासत्ताक झाल्यावर मुलींच्या शाळा-इन्स्टिट्यूटमध्ये हे विषय म्हणून शिकवायला लागले, इस्तंबूलमध्ये बेयोलूला १९४५ मध्ये ओल्गुनलाश्मा इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथे जुने नमुने बघून नवीन कामं करतात.

चेयिझ म्हणजे हुंडा का?

हुंडा नाही, रुखवत म्हणा. हिंदीतलं जहेज आणि हे चेयिझ एकाच अरबी शब्दाचे, पण इथे मुलीने आणि तिच्या आई-मावश्या-आज्यांनी वर्षानुवर्षं भरून पेटीत साठवलेलं कापड असा अर्थ. मुलगी लहान असतानाच पेटी भरायला सुरुवात. लग्नाआधी ते सगळं दोऱ्यांवर टांगून, पसरून दाखवायचं, आणि शेजारणी येऊन काय करणार? कोपरा उलटून मागची बाजू बघणार! आपल्याकडे रुखवताला येऊन रव्याचे लाडू किती हे मोजणाऱ्या काकू असतात त्याच या.

खेडेगावांत लग्नाचं बोलावणं पाठवताना पत्रिकेऐवजी किंवा पत्रिकेबरोबर रुमाल-टॉवेल पाठवायची पण रीत आहे, त्याला ओकुंतू म्हणतात.

कडेला लोकरीसारखी छोटी फुलं लोंबतायत ती काय?

ओया. लोकर नाही, साध्या सुईने गाठी मारत केलेली लेस. हा वेगळाच मोठा विषय आहे, परत कधीतरी.

टर्किश टॉवेल म्हणतो तो हाच का?

नाही, पण लांबून नातं आहे. आपण ज्याला टर्किश किंवा टेरी टॉवेल म्हणतो तो कापडावर दोऱ्याची बारीक वेटोळी, म्हणजे फास असलेला. तुर्कीत 'हाव' म्हणजे कापडावरची लव, त्यावरून हाव्लू. बुर्साला हे फाशांचं कापड हातमागावर विणायचे, हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रजाने ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे पाहिलं, इंग्लंडला नेलं, तिथे मशीनवर विणायला लागले आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं. मग जगभर. आपल्या सोलापूरचे टेरी टॉवेल, ज्यांना जीआय टॅग आहे, तेही शेवटी या हाव्लूच्याच कुळातले. भरतकामवाले जुने पेशकिर मात्र बहुतेक सपाट विणीचे, कारण फाशांवर धागे मोजता येत नाहीत.

जुना हँडमेड म्हणून घेतला, खरा आहे का कसं कळणार?

उलटा करा. पहिलं काम हेच. मी स्वतः फसलेय, एका दुकानात चहा पाजून पाजून "शंभर वर्षांपूर्वीचं" म्हणून एक चेव्रे मला दिलं, मी समोरूनच बघत राहिले, हॉटेलवर येऊन उलटलं तर मागे सगळीकडे एकसारखा पांढरा दोरा. तो मशीनच्या बॉबिनचा. हाताच्या कामात पुढच्या रंगाचाच दोरा मागे दिसणार. दुसरं, हाताच्या कामात टाके थोडे मागेपुढे असतात, दोन टोकांची डिझाइन्स तंतोतंत सेम नसतात. तिसरं, भडक जांभळा किंवा झगझगीत गुलाबी दिसला तर रासायनिक रंग, आणि ते १८५६ नंतर निघाले, म्हणजे "सतराव्या शतकातलं" म्हणणाऱ्याला हात जोडा. अगदी नवं हातकामही छान असतं हां, फक्त नव्याची किंमत द्या.

आणि खरंच फार जुना पीस असेल तर तुर्कस्तानातून बाहेर नेताना कायदा आडवा येतो, पुरातन वस्तू नेता येत नाहीत. जुनं घेताना म्युझियमचं प्रमाणपत्र मागा, दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर सोडून द्या. बघायचंच असेल तर इस्तंबूलमधल्या सारियेरचं सादबर्क हानिम म्युझियम, १९८० पासून आहे, बॉस्फरसच्या काठावर, कापडांसाठी मला ते तोपकापी राजवाड्याच्या म्युझियमपेक्षा निवांत वाटतं. लंडनला असाल तर व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम.

धुवायचं कसं?

जुनं रेशीम आणि तार असेल तर धुवायचंच नाही. मशीनचं तर नावही काढू नका. नवं सुती असेल तर आधी आतल्या बाजूच्या टाक्यावर ओला पांढरा कापूस दाबा, रंग आला तर थांबा. माझ्या एका यालकचा लाल रंग असा पसरला की फुलाला ताप आल्यासारखं दिसतं. घडी घालून वर्षानुवर्षं ठेवू नका, घडीवर रेशीम तुटतं, पांढऱ्या सुती कापडात पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको. तेयझे पेटीत लव्हेंडर आणि साबणाची वडी ठेवायची, मी वेखंड ठेवते, दोन्ही कापडाला न चिकटवता पुरचुंडीत.

शिकायचंय, इथे काय वापरू?

मॅटी किंवा दोसुती कापड घ्या, नुसत्या डोळ्यांनी धागे मोजता आले पाहिजेत. सहापदरी लडीतले दोन पदर पुरतात. बोथट टोकाची सुई घ्या, नाहीतर धाग्याच्या मधोमध घुसते. रिंग चालेल. सुरुवात ट्यूलिपने नको, सगळे तिथेच मार खातात, आधी एक साधी पायऱ्यांची पट्टी करा, वीतभर. दोरा सुरू करताना गाठ नाही, बोटभर शेपूट सोडायची आणि नंतर ती टाक्यांखाली ओवून टाकायची, संपवतानाही तसंच.

पहिलाच रुमाल केला, पुढून मस्त झालाय पण मागे दोन ठिकाणी दोरा तिरका गेलाय. उसवू का?

तेयझेने माझ्या पहिल्या रुमालाला काय केलं सांगते. हातात घेतला, पुढून बघितलाच नाही, थेट उलटा केला, तिरक्या दोऱ्यावर नख फिरवलं आणि कात्री पुढे केली. मग माझा चेहरा बघून कात्री बाजूला ठेवली, चहाच्या ग्लासाखाली तोच रुमाल घातला आणि म्हणाली, दुसरा आण.